कारणे दाखवा!

सरकारी कचेरीतला एखादा कारकून न सांगता चार दिवस गैरहजर राहिला, की त्याच्या टेबलावर कारणे दाखवा नोटीस येऊन पडते. का आला नाहीत, अमुक दिवसांत लेखी खुलासा करा, अन्यथा शिस्तभंगाची कारवाई होईल! कारकून बिचारा आजारपणाचे सर्टिफिकेट जोडतो, हात जोडतो, माफी मागतो. पण त्याच कचेरीचा कारभार ज्या सॉफ्टवेअरवर चालतो, त्यातला एखादा घटक सकाळी उठलाच नाही, तर नोटीस कोणाला जाते? कोणालाच नाही. पडद्यावर एक चौकट उमटते. तिच्यात म्हटलेले असते की काहीतरी चुकले आहे, आपल्या सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटरशी संपर्क साधा. काहीतरी! कोट्यवधींची बिले उचलणाऱ्या कंपन्यांनी एवढाच खुलासा द्यायचा आणि आम्ही तो मुकाट गिळायचा. ही शिरजोरी आता पुरे झाली.

आमचा आरोप मोघम नाही. बिघाडाचे कारण यंत्राला ठाऊक नसते म्हणून सांगितले जात नाही, असे नव्हे. बहुतेक वेळा ते ठाऊक असते, ते लिहूनही ठेवलेले असते, आणि तरीही ज्याचे काम अडले आहे त्याच्यापासून ते दडवले जाते.

पुरावा हवा? कोणताही विंडोजचा संगणक उघडा. त्यात पडद्यामागे राबणारे जे प्रोग्रॅम असतात त्यांना सर्व्हिस म्हणतात. बिलिंगचा डेटाबेस, अँटिव्हायरस, प्रिंटरची रांग सांभाळणारा घटक, अशी ही सारी मंडळी. त्यांतली एखादी सुरू झाली नाही की अनेकदा 1053 क्रमांकाची एरर येते. तिचा अर्थ एवढाच, की सर्व्हिसने वेळेत हुंकार दिला नाही. ही वेळ एरवी 30 सेकंदांची असते. पण हुंकार का दिला नाही? तिला लागणारे डॉटनेट हे पॅकेज संगणकात नाही? एखादी फाईल अर्धवट उतरली? संगणकच इतका जुना झाला की 30 सेकंद पुरत नाहीत? चौकट गप्प. मग जाणकार माणूस इव्हेंट व्ह्यूअर नावाची वही उघडतो. तिथे 7009 ची नोंद असते, म्हणजे वाट पाहण्याची मुदत संपली. तिच्या जोडीला 7000 असते, म्हणजे सर्व्हिस उभीच राहिली नाही. आणि 7001 असेल, तर दोष हिचा नाही. ही ज्या दुसऱ्या सर्व्हिसवर अवलंबून आहे ती आधी कोसळली, म्हणून ही खोळंबली. वहीत सगळे आहे. वही दाखवत मात्र कोणी नाही!

सर्वांत संतापजनक प्रकार 1069 या एररचा. सर्व्हिस ज्या खात्याने लॉगिन करते, त्या खात्याचा पासवर्ड कचेरीच्या नियमाप्रमाणे कोणीतरी बदलतो. सर्व्हिसपाशी जुनाच पासवर्ड राहतो. चालू असलेली सर्व्हिस तेव्हा काही बोलत नाही. कधीतरी वीज जाते, संगणक बंद होतो, पुन्हा सुरू होतो आणि मग ती सर्व्हिस उठत नाही. पासवर्ड बदलून महिना लोटलेला, बदलणाऱ्याची बदली झालेली! दोन मिनिटांत नवा पासवर्ड भरून सुटणाऱ्या या दुखण्यापायी दिवसच्या दिवस कामे ठप्प होतात. तुमचा पासवर्ड जुना झाला आहे, तो इथे बदला, एवढे एक वाक्य मराठीत लिहायला कंपनीचे काय जाणार होते?

आता डीएलएल नावाच्या फाईलींचा तमाशा पाहा. नवा प्रोग्रॅम टाकला, आयकॉनवर डबल क्लिक केले, आणि उत्तर आले की व्हीसीरनटाइम140 नावाची फाईल सापडत नाही, प्रोग्रॅम पुन्हा इन्स्टॉल केल्यास अडचण सुटू शकेल. माणूस पुन्हा इन्स्टॉल करतो. पुन्हा तीच चौकट. तिसऱ्यांदा करतो. पुन्हा तीच. कशी सुटेल? मुळात ती फाईल बहुधा त्या प्रोग्रॅमची नसतेच. ती मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल सी प्लस प्लस रीडिस्ट्रिब्युटेबल या वेगळ्या पॅकेजची असते आणि ते सोबत देणे हे प्रोग्रॅम विकणाऱ्याचे काम होते. विकणाऱ्याने ते दिले नाही आणि चौकटीने नाव घेतले ते प्रोग्रॅमचे! वैतागलेला माणूस मग इंटरनेटवर ती एकच सुटी फाईल शोधतो, कुठल्यातरी अनोळखी ठिकाणाहून उतरवतो आणि फाईलबरोबर व्हायरसही घरी आणतो. वर 32 बिट आणि 64 बिट यांचा घोळ आहेच. संगणक 64 बिटचा असला तरी प्रोग्रॅम 32 बिटचा असेल तर पॅकेजही 32 बिटचे लागते. दोहोंची सरमिसळ झाली की 0xc000007b असा आकडा तोंडावर फेकला जातो. ज्या फोल्डरच्या नावात 32 आहे त्या सिस्टिम32 मध्ये 64 बिटच्या फाईली आणि ज्याच्या नावात 64 आहे त्या सिसवॉव64 मध्ये 32 बिटच्या, ही तर विंडोजची अधिकृत व्यवस्था! जुन्या प्रोग्रॅमांची सोय पाहून ती तशी ठेवली, हे आम्हालाही कळते. पण अशा भूलभुलैयात सामान्य माणसाला सोडून देणाऱ्यांनी निदान हातात कंदील तरी द्यायला नको?

तालुक्याच्या ठिकाणी जून महिन्यात जा. प्रवेशाच्या तारखा तोंडावर आलेल्या असतात. सेवा केंद्रासमोर पोरे-पोरी आणि त्यांचे आईबाप कागदांच्या पिशव्या घेऊन उभे असतात. नॉन-क्रिमीलेअर हवे, उत्पन्नाचा दाखला हवा. अर्ज भरलेला, फी भरलेली, छाननी झालेली. अडले कुठे? साहेबांच्या डिजिटल सहीवर. सहीचे टोकन यूएसबीत खोचलेले आहे, त्यावरचा लाल दिवा लुकलुकतो आहे. पण ब्राउझर आणि टोकन यांच्यामध्ये बोलणी करणारा छोटा प्रोग्रॅम सुरूच झालेला नाही. का? तो ज्या पोर्टवर बसतो, तिथे दुसराच कुठला प्रोग्रॅम आधी येऊन बसला असेल. जावाची आवृत्ती बदलली असेल. टोकनचा ड्रायव्हर निघून गेला असेल. चारपाच कारणांपैकी एक, आणि प्रत्येकाचा उपाय दहा मिनिटांचा. पण पडद्यावर एकच जपमाळ: घटक चालू नाही, घटक चालू नाही. अरे, चालू नाही हे त्या रांगेतल्या म्हातारीलाही दिसते आहे! का चालू नाही ते सांग! केंद्रचालक रांगेला सांगतो, सर्व्हर डाऊन आहे. सर्व्हर ठणठणीत असतो. पण त्या दोन शब्दांत सगळ्यांची पापे धुऊन निघतात. कंत्राटदाराची, खात्याची आणि केंद्रचालकाचीही. पोरीची प्रवेशाची तारीख टळते, ते पाप तेवढे कोणाच्याच खात्यावर चढत नाही.

महाराष्ट्रात 1964 चा राजभाषा अधिनियम आहे. राज्याचा कारभार मराठीत चालावा म्हणून तो केला. मग त्या कारभाराचे यंत्र बिघडले की ते इंग्रजी आकड्यांत का बरळते?

कोणी म्हणेल, हे तालुक्याचे रडगाणे झाले. मोठ्या जगात असे होत नाही. होत नाही? 19 जुलै 2024 चा शुक्रवार आठवा. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने आपल्या फाल्कन सॉफ्टवेअरसाठी एक छोटी फाईल जगभर सोडली, तेव्हा आपल्याकडे सकाळचे 9 वाजून 39 मिनिटे झाली होती. 78 मिनिटांत ती मागे घेतली. तेवढ्यात मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे 85 लाख संगणक निळे पडले होते. या सॉफ्टवेअरचा ड्रायव्हर विंडोज उठतानाच, अगदी गाभ्यात लोड होतो. तो कोसळला की विंडोज कोसळते, पुन्हा सुरू होते, पुन्हा तोच ड्रायव्हर, पुन्हा कोसळणे. पडद्यावर एक रडवेला चेहरा आणि एका फाईलचे नाव. आपल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. इलाज काय होता? एकेका संगणकासमोर माणसाने बसायचे, सेफ मोडमध्ये जायचे, ड्रायव्हरच्या फोल्डरमधली ती एक फाईल पुसायची. आणि डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल तर आधी 48 आकडी किल्ली टाइप करायची. लाखो संगणक, आणि प्रत्येकाला हात लावायचा!

चूक काय होती? सॉफ्टवेअरच्या नव्या साच्यात 21 रकाने धरलेले होते आणि ते वाचणारा कोड पुरवत होता 20. फाईलने एकविसावा मागितला, कोडने हद्दीबाहेर हात घातला आणि सगळे कोसळले. तपासणी करणाऱ्या प्रोग्रॅमने त्या फाईलला आधीच हिरवा कंदील दाखवला होता. आधी थोड्या संगणकांवर पाठवून पाहावे, मग बाकीच्यांना, एवढे साधे तारतम्यही त्या दिवशी पाळले गेले नव्हते. हे आम्ही तर्काने म्हणत नाही. कंपनीच्याच अहवालात हे सविस्तर आले आहे. तिच्या वरिष्ठ अधिकाऱ्याला पुढे सप्टेंबरमध्ये अमेरिकी काँग्रेसच्या समितीसमोर जाऊन माफी मागावी लागली. बघा, कारण सापडते! रकान्यांच्या हिशेबापर्यंत सापडते! पण कधी? विमाने जमिनीवर अडकली, इस्पितळे आणि बँका खोळंबल्या, अमेरिकी काँग्रेसने बोलावले, तेव्हा. बीड किंवा गडचिरोलीच्या एका टेबलावरचा संगणक पडला तर त्याच्यासाठी कोण अहवाल लिहितो?

रेल्वेचा अपघात झाला तर रेल्वे सुरक्षा आयुक्त चौकशी करतात, आणि ते रेल्वे मंत्रालयाच्या नव्हे, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत असतात. ज्याच्या हातून घडले त्यानेच न्याय करू नये, एवढी अक्कल आपल्या व्यवस्थेला आहे. सॉफ्टवेअरच्या बाबतीत मात्र आरोपीच पंचनामा लिहितो, तोही इच्छा झाली तर!

कायद्याची गंमत तर पुढेच आहे. 2004 साली सर्वोच्च न्यायालयाने टाटा कन्सल्टन्सीच्या खटल्यात निकाल दिला की सीडीवर तयार मिळणारे सॉफ्टवेअर हा माल आहे, त्यावर विक्रीकर लागेल. म्हणजे कर घ्यायचा तेव्हा तो माल! पण 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा उघडा. सदोष उत्पादनाची जबाबदारी ठरवताना त्यात उत्पादनाची व्याख्या आहे. वायू, द्रव, घन अशा तिन्ही अवस्था त्यात नाव घेऊन मांडल्या आहेत. सॉफ्टवेअरचा शब्द तेवढा नाही. युरोपीय संघाने 2024 साली सदोष उत्पादनांविषयीचा नवा निर्देश काढून सॉफ्टवेअर हेही उत्पादनच, असे स्वच्छ लिहून टाकले आणि सदस्य देशांना 9 डिसेंबर 2026 ची मुदत घालून दिली. आमच्या खासदारांनी तो कागद एकदा वाचायला कोणती ग्रहदशा आडवी येते?

आणि आता थोडे आपल्याच आळीतल्या मंडळींकडे वळू. सर्व्हिस सुरू होत नाही? रिस्टार्ट करा. तरी नाही? अनइन्स्टॉल करून पुन्हा टाका. तरी नाही? फॉरमॅट मारून देतो, पाचशे द्या! स्कूटर सुरू होत नाही म्हणून नेली, तर गल्लीतला गॅरेजवालाही आधी टाकीत पेट्रोल आहे का पाहतो, प्लग काढून पुसतो. थेट इंजिन उतरवत नाही. संगणक दुरुस्त करणारे आमचे अनेक पंडित मात्र लॉगची वही न उघडताच घर पाडायला निघतात. फॉरमॅटने अडचण जाते, कारणही पुसले जाते, आणि आठ दिवसांनी तेच दुखणे पुन्हा दारात. त्यात एखाद्या दुकानदाराचा दहा वर्षांचा हिशेबही जातो. कंपन्यांच्या मौनाला हे अज्ञान फार सोयीचे आहे. विचारणाराच नसेल तर उत्तर कशाला द्यायचे!

कंपन्यांचे वकील दोन सबबी पुढे करतील. एक, सगळे उघड सांगितले तर हॅकरांचे फावेल. खोटे! पोर्ट अडकला आहे, पासवर्ड जुना झाला आहे, अमुक पॅकेज नाही, हे संगणकाच्या धन्याला त्याच्याच पडद्यावर सांगण्यात कोणती तिजोरी उघडी पडते? ज्या हॅकरला इव्हेंट व्ह्यूअर उघडता येतो, त्याला तुमच्या चौकटीची गरजच नसते. दुसरी सबब, लोकांना ते कळणार नाही. सातबाऱ्यावरचे फेरफार वाचणाऱ्या, बी-बियाण्यांच्या पाकिटावरची बारीक अक्षरे पारखणाऱ्या शेतकऱ्याला तुमची तीन वाक्ये कळणार नाहीत, असे म्हणणाऱ्याने आधी आपली भाषा तपासावी.

म्हणून राज्य सरकारला आमचे बजावणे आहे. यापुढे सॉफ्टवेअरची जी निविदा निघेल, तिच्यात चार अटी घाला. घटक सुरू झाला नाही, तर कोणता, कशावाचून आणि तो कोणी कसा दुरुस्त करायचा, हे पडद्यावर मराठीत आलेच पाहिजे. त्याच चौकटीत लॉग उघडणारे बटण पाहिजे. कोणतेही अपडेट आधी मोजक्या संगणकांवर आणि मगच राज्यभर गेले पाहिजे, आणि जो घटक सलग तीनदा उठताना पडतो, त्याला बाजूला ठेवून संगणक सुरू होण्याची सोय पाहिजे. चौथी अट सर्वांत महत्त्वाची: ज्या बिघाडाचे लेखी कारण मिळाले नाही, त्या महिन्याचे बिल अदा होणार नाही. ही चौथी अट घाला आणि मग पाहा, आजवर कुणालाच न सापडणारी कारणे कशी पटापट सापडू लागतात. ज्या खात्याचा सचिव अशी अट घालायला कचरेल, त्याने ती का घातली नाही याचा खुलासा करावा. त्यालाही आमची नोटीस हीच: कारणे दाखवा!