पॉइंट टेबल कुणी बनवला?

आळेफाट्यावर संध्याकाळी चौघं पोरं जमली की 'बीजीएमआय'चा स्क्वॉड तयार होतो. जयंतीत या गेमची स्पर्धा ठेवा, असा आग्रह आता होतो. ठेवा. पण बक्षीस कसं वाटायचं, हे आधी ठरवा.

मोठ्या स्पर्धांत पहिल्या येणाऱ्या संघाला 10 गुण आणि प्रत्येक 'फिनिश'ला 1 गुण मिळतो. हे गुण संघाचे. गडबड पुढे होते. सर्वाधिक फिनिश करणाऱ्याला वेगळं बक्षीस, त्याचाच फोटो. पडलेल्या साथीदाराला 'रिव्हाइव्ह' करणारा, धूर टाकून आडोसा देणारा, स्वतःच्या गोळ्या दुसऱ्याला देणारा मात्र कुठेच नाही. मग प्रत्येकजण किलमागे पळतो आणि संघ हरतो.

"गुणवत्ता असेल त्याला मिळेल," असं उत्तर येतं. आरक्षणाच्या वादात आपण हेच ऐकत आलो. आमचा प्रश्नही तोच: गुणवत्ता म्हणजे काय, हे कुणी ठरवलं? जे मोजलं जातं तीच गुणवत्ता ठरते. जात ही नुसती श्रमाची नाही, श्रमिकांची विभागणी आहे, तीही चढत्या-उतरत्या श्रेणीची, हे बाबासाहेबांनी 1936 सालीच मांडलं. काही कामं मानाची आणि काही बिनमोलाची, ही सवय मोबाईलमध्येही येते.

नुसतं मोजूनही भागत नाही. चांभार समाजातल्या पालवणकर बाळूंनी 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात 114 बळी घेतले. आकडे सगळ्यांसमोर होते. तरी हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना मिळालं नाही. भावांनी याविरुद्ध आवाज उठवला, तेव्हा कुठे 1923 साली धाकटे विठ्ठल कर्णधार झाले.

म्हणून आमचं म्हणणं असं. बक्षिसाचे चार समान वाटे करा आणि ते स्पर्धेआधीच जाहीर करा. महागडा फोन ज्याचा, त्याला जास्त वाटा नको. वैयक्तिक बक्षीस द्यायचंच असेल तर फिनिशइतकंच रिव्हाइव्हलाही द्या. कर्णधार चौघांनी मतानं निवडावा. साध्या फोनवाल्यांची फेरी वेगळी ठेवा. रेंज आणि रॅमची विषमता म्हणजे कौशल्य नव्हे.

हा खेळच आहे, मान्य. पण पॉइंट टेबल स्वतः बनवायची संधी आपल्याला रोज मिळत नाही. मिळाली आहे, तर ती समतेची बनवू.

जय भीम!