सहरीचा कप आणि यकृताची काळजी

ऑगस्ट १९४२ मध्ये मौलाना अबुल कलाम आझाद यांना पंडित नेहरूंसह नगरच्या किल्ल्यात आणण्यात आले. भिंगारपासून जवळच असलेल्या या किल्ल्यात मौलानांचा दिवस पहाटे तीन-चारलाच सुरू होई. स्वतःच्या हाताने चहा करायचा आणि लिहायला बसायचे. ‘गुबार-ए-खातिर’मधली पत्रे अशाच पहाटेची. चिनी चहा, तोही बिनदुधाचा, ही त्यांची आवड. चहात दूध घालणाऱ्यांवर त्यांनी या पत्रांत चांगलेच तोंडसुख घेतले आहे.

रमजानमध्ये भिंगारच्या घरांत सहरीसाठी दिवे लागतात, तीही हीच वेळ. आता मात्र दुधाच्या चहाशेजारी ग्रीन टीची पाकिटे दिसू लागली आहेत. ‘इफ्तारला भजी, समोसे झाले, आता ग्रीन टी घ्या, लिव्हर साफ होते,’ असे मोबाइलवर फिरणारे संदेश वाचून ती आलेली असतात. यात खरे किती?

कॉफीची बाजू आधी पाहू. तिचा आणि रात्रीच्या इबादतीचा संबंध जुना आहे. पंधराव्या शतकात येमेनमधील सूफी रात्रभर जिक्रसाठी जागे राहावे म्हणून कॉफी पीत. जपानमध्ये सुमारे ९० हजार लोकांच्या पाहणीत, रोज कॉफी पिणाऱ्यांना यकृताच्या कर्करोगाचा धोका जवळजवळ न पिणाऱ्यांच्या निम्मा आढळला. तो अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे इतर देशांतही कल तोच दिसला. ग्रीन टीबाबत मात्र निष्कर्ष एकसारखे नाहीत. काही पाहण्यांत फायदा दिसतो, काहींत काहीच दिसत नाही. शिवाय या साऱ्या निरीक्षणावर आधारलेल्या पाहण्या आहेत. कॉफी पिणाऱ्यांना आजार कमी दिसला म्हणजे तो कॉफीनेच टळला, असे छातीठोकपणे म्हणता येत नाही.

दोन गोष्टी मात्र सांभाळायला हव्यात. ६५ अंशांहून गरम पेय अन्ननलिकेच्या कर्करोगाला कारणीभूत ठरण्याची शक्यता असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१६ मध्ये सांगितले. अजानची वेळ जवळ आली म्हणून वाफाळता चहा घाईने घशाखाली लोटू नये. दुसरे, ग्रीन टी कपात ठीक. पण वजन घटवण्यासाठी विकल्या जाणाऱ्या त्याच्या अर्काच्या गोळ्यांनी काहींच्या यकृतालाच इजा झाली आहे. यकृत साफ करायला घेतलेली गोळी यकृतालाच बाधावी, याहून उलटे काय?

खरा धोका कपात नाहीच. यकृताच्या कर्करोगाची मोठी कारणे म्हणजे हिपॅटायटिस बी आणि सी, दारू, आणि लठ्ठपणा व मधुमेहासोबत वाढणारे चरबीयुक्त यकृत. बुरशी लागलेले शेंगदाणे आणि मका हेही एक कारण आहे. इफ्तारच्या ताटात तळण आणि सरबत रोज किती असावे, हा प्रश्न त्यामुळे चवीपुरता राहत नाही.

हिपॅटायटिस बी आणि सी वर्षानुवर्षे लक्षणांशिवाय शरीरात राहतात. ते दूषित रक्त, पुन्हा वापरलेली सुई, न बदललेले ब्लेड, आईकडून बाळाला अशा वाटांनी पसरतात. एका ताटात जेवल्याने पसरत नाहीत. इफ्तारला एका थाळीभोवती चौघे बसतात. रिपोर्ट कळल्यावर त्यातल्या एकाचे ताट वेगळे करणे हे अज्ञान तर आहेच, अन्यायही आहे. ‘कावीळ’ या एका शब्दात सगळे आजार कोंबल्याने हे घडते. अन्नपाण्यातून येणारी कावीळ वेगळी, ही वेगळी. ताट वेगळे होण्याच्या भीतीने माणूस तपासणीच टाळतो आणि आजार आतल्या आत वाढतो.

२०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात या दोन्ही आजारांची तपासणी आणि औषधे सरकारी दवाखान्यांत मोफत ठेवली आहेत. हिपॅटायटिस सी बहुतेकांचा साधारण तीन महिन्यांच्या गोळ्यांनी बरा होतो. बी साठी लस आहे. तिचा पहिला डोस बाळाला जन्मल्यापासून २४ तासांत मिळायला हवा. ज्यांचे औषध चालू आहे, त्यांनी रोजे ठेवण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलावे; औषध मनाने बंद करू नये. आजाऱ्याला रोजा पुढे ढकलण्याची सवलत खुद्द कुरआननेच दिली आहे.

मशिदीच्या कमिट्या आणि गणेश मंडळे दोन्हीही रक्तदान शिबिरे घेतात. त्याच मांडवात हिपॅटायटिसच्या तपासणीचे एक टेबल आरोग्य खात्याकडून मागून घेता येईल. तपासणी झाल्यावर सर्वांनी मिळून चहा घ्यावा. दुधाचा की बिनदुधाचा, हा वाद मौलानांपासून चालू आहे. तो खुशाल चालू राहू द्या.