सगळ्यांना विचारा

कागल पंचतारांकित एमआयडीसीतल्या फौंड्रीत राबणाऱ्या आपल्या बांधवांना एक गोष्ट कोणी शिकवावी लागत नाही. कास्टिंगमधला ब्लो होल मशीनवर चढवल्यावर सापडला, तर तोवरची मजुरी, वीज आणि वेळ सगळे वाया जाते. म्हणून तपासणी टप्प्याटप्प्याला करतात. माल गाडीत भरताना नव्हे. आता आपली पोरे ज्या वर्गात बसतात तिथे काय चालते ते पाहा. गुरुजी धडा शिकवतात, "समजले का?" म्हणून विचारतात, सगळा वर्ग एका सुरात "होऽ" म्हणतो आणि पुढचा धडा सुरू होतो. कोणाला समजले नव्हते ते सहामाहीच्या पेपरात कळते. तोपर्यंत पोर चार धडे मागे पडलेले असते.

वाचक बंधू-भगिनींनो, यावर निघालेल्या एका साधनाची आज ओळख करून घेऊ. त्याला क्लिकर म्हणतात. टीव्हीच्या रिमोटसारखे छोटे यंत्र प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती असते. शिक्षक प्रश्न मांडतात, त्याखाली चार उत्तरे देतात. आपल्याला बरोबर वाटते त्या उत्तराचे बटण मुलाने दाबायचे. कोणत्या उत्तराला किती मुले, हे शिक्षकांच्या संगणकावर लगेच दिसते. २००० साली सुरू झालेल्या 'कौन बनेगा करोडपती'त प्रेक्षकांचा कौल घेत, तो आठवला की यातले सगळे कळले. फरक एवढाच की इथे कौल बक्षिसासाठी नाही, शिकवणाऱ्यासाठी आहे. अर्ध्या वर्गाचे चुकले असेल तर धडा पुन्हा समजवायचा, नसेल तर पुढे जायचे.

अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या एरिक माझूर यांना आढळले की, आपले विद्यार्थी अवघड गणिते सोडवतात, पण साध्या 'असे का होते?' या प्रश्नाला अडखळतात. १९९१ पासून त्यांनी वेगळी रीत धरली. प्रश्न टाकायचा, प्रत्येकाने आधी स्वतःचे उत्तर द्यायचे, मग शेजाऱ्याशी वाद घालून त्याला पटवायचे आणि पुन्हा उत्तर द्यायचे. दुसऱ्या खेपेला बरोबर उत्तरे वाढत. ज्याला नुकतेच समजले आहे त्याला ठेच कुठे लागते ते अजून आठवत असते, म्हणून कधी कधी प्राध्यापकापेक्षा बाकावरचा सोबती बरे समजावतो.

पण यंत्राच्या नावाने कोणी भुलू नये. कॅनडातल्या एका कॉलेजात नॅथॅनियल लासरी यांनी एका वर्गाला क्लिकर आणि दुसऱ्याला साधी कार्डे देऊन पाहिले. शिकण्यात म्हणावा असा फरक पडला नाही, हे त्यांनी २००८ साली लिहिले. तेव्हा महागडा संच गळ्यात मारायला कोणी शाळेत आला, तर हे त्याला जरूर ऐकवावे! आजकाल प्लिकर्स नावाची कागदी कार्डेही मिळतात. प्रत्येक कार्डावर वेगळी काळी नक्षी आणि चार कडांना चार बारीक अक्षरे असतात. मुलाने निवडलेले अक्षर वर येईल असे कार्ड धरायचे. गुरुजींनी आपल्या फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवला की कोणाचे उत्तर काय ते फोनवर उमटते. पोरांच्या हाती फोन द्यावा लागत नाही. अशा नक्षीची आपल्या शिक्षकांना नवलाई नाही. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणण्याच्या कामासाठी नावाजलेले परितेवाडीचे रणजितसिंह डिसले गुरुजी २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्काराचे मानकरी ठरले.

मग यात आपल्या घरांचे काय, असे कोणी विचारील. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले आणि १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून आपली मुले सर्वांच्या शाळेत बसवली. बसायला जागा मिळाली. पण विचारले जाणे ही निराळी गोष्ट आहे. एल्फिन्स्टन हायस्कुलात शिक्षकांनी बाबासाहेबांना फळ्यावर उदाहरण सोडवायला बोलावले, तेव्हा सवर्ण मुले ओरडत फळ्यामागचे आपले डबे उचलायला धावली होती. आज डबे कोणी उचलत नसेल, पण हात वर करणारी तीच चार-पाच मुले आणि गुरुजींची नजरही त्यांच्यावरच, हे अनेक वर्गांत दिसते. मागच्या बाकावरची लाजरी मुलगी, कामासाठी परमुलखातून आलेल्या कामगाराचा मराठीला अडखळणारा मुलगा, यांची वर्षे न बोलता जातात. कार्ड मात्र सगळ्यांनाच उचलावे लागते आणि शेजाऱ्याला अक्षर दिसत नाही, म्हणून चुकले तरी हसू होत नाही.

हीच गोष्ट उलटूही शकते. कोणाचे चुकले ते नावानिशी पडद्यावर झळकवले, तर लाजरे पोर आणखी मिटून जाईल. नावे गुरुजींपुरती आणि पडद्यावर फक्त आकडे, असेच असले पाहिजे. शिवाय चारातले एक उत्तर डोळे मिटूनही लागते, तेव्हा एका प्रश्नावर कोणाला हुशार ठरवू नये. खेळ म्हणून मुलांना मजा वाटते हे खरे, पण प्रश्नच भिकार असतील तर ती पंधरा दिवसांत ओसरते.

पालकांनी हे कुठे बोलायचे? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असतात, निम्म्या जागा महिलांना आहेत आणि वंचित घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा द्यावी लागते. पहिल्या पाळीमुळे वडिलांना सभेला जाणे जमत नसेल तर आईने जावे. "आमच्या मुलीला या महिन्यात किती वेळा विचारले?" एवढे विचारले तरी पुष्कळ झाले.

आणि घरी तर आजच सुरू करता येईल. वहीच्या जुन्या पुठ्ठ्याचे चौकोन कापा, चार कडांना अ, ब, क, ड लिहा, भावंडांत एकेक वाटा. भाकरी थापता थापता आई पुस्तकातला प्रश्न विचारील. आईला वाचता येत नसेल तर थोरलीने वाचून दाखवावा. पुठ्ठे छातीशी धरून सगळ्यांनी एकदम वर करायचे, म्हणजे धाकटा ताईचे बघून आपले फिरवणार नाही.