सरासरीत बसलेला दुष्काळ

2023 च्या पावसाळ्यात मराठवाड्यात पाऊस कसा झाला? हवामान खात्याच्या तक्त्यात उत्तर आहे: सामान्य. तूट सुमारे 11 टक्के होती, पण उपविभागासाठी उणे 19 ते अधिक 19 टक्के हा सगळा पट्टा 'सामान्य'च धरतात. त्याच वर्षी 31 ऑक्टोबरला राज्य सरकारने 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. जालना, अंबड, भोकरदन, बदनापूर, मंठा त्या यादीत होते. नंतर आणखी 1,021 महसूल मंडळांत दुष्काळसदृश परिस्थिती मान्य करावी लागली.

मी समाजशास्त्रात पीएचडी करते आहे. विषय मजुरी आणि स्थलांतर, त्यामुळे पावसाचे आकडे माझ्या वाट्याला येतातच. वर सांगितलेल्या दोन्ही नोंदी खऱ्या आहेत. सरासरीची बेरीज चार महिन्यांची असते, पोट मात्र आठवड्याच्या बाजारावर चालतं. 2023 चा ऑगस्ट देशभरात 1901 पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, तूट 36 टक्के. सप्टेंबरात पाऊस आला आणि देशाचा हंगाम 94 टक्क्यांवर जाऊन थांबला. पण ऑगस्ट म्हणजे खुरपणी, मूग-उडदाची तोडणी, सोयाबीनला शेंगा धरण्याचे दिवस. शेतात पीकच सुकलेलं असेल तर बाईला खुरपायला कोण बोलावणार? सप्टेंबरचा पाऊस तक्त्यातली तूट भरून काढतो, तिचे बुडालेले रोज भरून देत नाही. मग उचल घेऊन ऊसतोडीला जाणं आलं, आणि लेकरांची शाळा दिवाळीनंतर सुटली ती सुटलीच.

आता 'सामान्य' हा शब्द कुठून येतो तेही पाहू. देशाच्या मोसमी पावसाची सरासरी आधी 1961 ते 2010 या काळावरून 880.6 मिलिमीटर धरली जायची. 2022 पासून ती 1971 ते 2020 वरून 868.6 झाली. यात कुणाचं कारस्थान नाही, जगभर अशाच पद्धतीने आधारकाळ पुढे सरकवतात. पण परिणाम लक्षात घ्या: 12 मिलिमीटर कमी पाऊसही आता शंभर टक्के गणला जातो. तापमानाचंही तसंच. 2024 हे भारतातलं 1901 पासूनचं सर्वांत उष्ण वर्ष, सरासरीपेक्षा 0.65 अंशांनी जास्त. ही सरासरी 1991 ते 2020 ची, म्हणजे आधीच तापलेल्या तीस वर्षांची.

आणि हे तापमान मोजतात कुठे? पांढऱ्या रंगाच्या, हवा खेळत्या लाकडी पेटीत, सावलीत. शास्त्राच्या दृष्टीने ते बरोबर आहे, उन्हात ठेवलेला तापमापक स्वतःच तापतो. पण वीटभट्टीवरच्या माणसाला ती पेटी मिळत नाही. गटारात उतरणाऱ्यालाही नाही. बातमीत 42 अंश छापून येतं तेव्हा ते सावलीतलं 42 असतं, आणि या देशात सावलीत काम करायला कोणाला मिळतं याचं उत्तर जात विचारल्याशिवाय देता येत नाही.

पाऊस जास्त झाला की तरी भरपाई पोचते का? सप्टेंबर 2025 मध्ये बीड, धाराशिव, जालना, नांदेडला पुराने झोडपलं. सरकारने 31,628 कोटींचं पॅकेज जाहीर केलं. शेतकऱ्याला ते मिळायलाच हवं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण मदतीचं मुख्य माप हेक्टर आहे. 24 तासांत मंडळात 65 मिलिमीटरच्या वर पाऊस झाला तर अतिवृष्टी, पिकाचं 33 टक्क्यांहून जास्त नुकसान झालं तर पंचनामा, आणि पंचनाम्याला सातबारा. देशाच्या लोकसंख्येत अनुसूचित जाती 16.6 टक्के आहेत, वहितीखालच्या जमिनीत त्यांचा वाटा सुमारे 9 टक्के. ज्यांच्या नावावर गुंठाही नाही, त्यांच्या दोन महिन्यांच्या बुडालेल्या मजुरीला पंचनाम्यात रकानाच नाही. गायरान कसणाऱ्यांची गत आणखी विचित्र. दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीन सत्याग्रहापासून या जमिनींचा लढा चालू आहे. पीक उभं असतं, वाहून गेलेलंही सगळ्यांना दिसतं, पण नाव अतिक्रमणाच्या नोंदीत. तलाठी बांधावरून पुढे जातो.

सेमिनारमध्ये मला हमखास ऐकवलं जातं की पावसाला जात नसते. खरं आहे, पावसाला नसते. वस्ती ओढ्याच्या कडेला, उताराला कोणी बसवली, टँकर आधी कुठे थांबतो, हे पाऊस ठरवत नाही.

तुमच्यापैकी बरेच जण घरातले पहिले पदवीधर आहात, एक्सेल येतं, आरटीआय लिहिता येतो. मंडळनिहाय रोजचा पाऊस कृषी विभागाच्या संकेतस्थळावर मिळतो, रोजगार हमीची हजेरीपत्रकंही उघडी आहेत. आपल्या गावाचे हे दोन तक्ते शेजारी शेजारी ठेवा. पाऊस नव्हता त्या आठवड्यांत काम मागितलं किती जणांनी आणि मिळालं किती जणांना, हे वस्तीत बसून आईला, मावशीला, शेजारच्या काकूला विचारून तिसऱ्या रकान्यात भरा. ग्रामसभेत पंचनाम्याचा विषय निघेल तेव्हा तो कागद हातात असू द्या, आणि गायरान कसणाऱ्यांची नावंही त्यालाच जोडा.