कोंड्याचा मांडा

कोंड्याचा मांडा करणाऱ्या गृहिणीचे आपल्याकडे नेहमीच कौतुक होत आले आहे. रसायन-उद्योगातही असा एक मांडा गेली शंभर वर्षे होत आहे. त्याचे नाव फरफ्युरल. लॅटिन भाषेत 'फरफर' म्हणजे कोंडाच! जर्मन शास्त्रज्ञ डोबरायनर यांनी १८३२ मध्ये या द्रवाची माहिती प्रसिद्ध केली. मूलद्रव्यांच्या त्रिकांमुळे ज्यांचे नाव आपण विज्ञानाच्या पुस्तकात वाचतो, तेच हे डोबरायनर. प्लॅटिनमच्या सान्निध्यात हायड्रोजन आपोआप पेट घेतो, हेही त्यांनीच १८२३ मध्ये दाखवले होते. स्वतः खर्च न होता रासायनिक क्रियेला गती देणाऱ्या अशा पदार्थास आपण उत्प्रेरक म्हणतो.

१९२० च्या दशकात अमेरिकेतील सीडर रॅपिड्स येथे क्वेकर ओट्स कंपनीने ओट धान्याच्या टरफलांपासून फरफ्युरलचे मोठे उत्पादन सुरू केले. टरफले, मक्याची बुरकुंडे, उसाचे चिपाड यांमध्ये झायलोज या साखरेचे रेणू साखळीसारखे जोडलेले असतात. सौम्य गंधकाम्ल आणि वाफ यांच्यामुळे ती साखळी तुटते. सुट्या झालेल्या प्रत्येक रेणूतून पाण्याचे ३ रेणू निघून जातात आणि फरफ्युरल उरते. येथे आम्ल हाच उत्प्रेरक. पुढे तांबे व क्रोमियम असलेल्या उत्प्रेरकावर त्याचा हायड्रोजनशी संयोग घडवला, की फरफ्युरिल अल्कोहोल मिळते. त्यापासून केलेल्या राळेने ओतशाळांतील साच्यांची वाळू बांधतात. खनिज तेलाच्या या युगातही फरफ्युरल शेतातील अवशेषांपासूनच तयार होते, हे विशेष.

तरीही 'वनस्पतिजन्य' या एका शब्दाने भारावून जाणे मला योग्य वाटत नाही. आम्ल योग्य जागी थांबत नाही. फरफ्युरल वाफेबरोबर त्वरित बाहेर काढले नाही, तर त्याचाच काळा, चिकट गाळ बनतो. मागे उरणारे आम्लयुक्त सांडपाणी कोठे सोडायचे, हा प्रश्न वेगळाच. क्रोमियमची काही संयुगे तर विषारी आहेत. गाळून पुन्हा वापरता येतील असे झिओलाइटसारखे घन उत्प्रेरक आणि क्रोमियमविरहित तांब्याचे उत्प्रेरक यांवर संशोधन चालू आहे. घन उत्प्रेरकांची छिद्रे त्याच काळ्या गाळाने बुजतात, ही त्यातील मोठी अडचण. या संशोधनावर सार्वजनिक पैसा खर्च व्हावा, असे माझे मत आहे.

परंतु कच्चा माल कोणाचा, हेही विचारले पाहिजे. ज्याला आपण सहज टाकाऊ म्हणतो, ते चिपाड साखर कारखान्याच्या बॉयलरमध्ये जळून वाफ व वीज देते. कडबा गुरांच्या पोटात जातो. बुरकुंडे गरिबाच्या चुलीत जातात. चुलीतले जळण काढून घेऊन केलेला मांडा कोणाच्या पानात पडणार?

पंजाब-हरियाणात मात्र भाताचा पेंढा शेतातच मोठ्या प्रमाणावर जाळला जातो. आरंभ तेथे करावा. पेंढा वजनाला हलका, पण पसारा मोठा. तो दूर नेणे महाग पडते. म्हणून कारखाना लहान आणि शेतांजवळ हवा. अशा लहान कारखान्याला गंधकाम्लाच्या सांडपाण्याची विल्हेवाट परवडणार नाही. न बुजणाऱ्या घन उत्प्रेरकाची वाट प्रयोगशाळेइतकीच तेथील शेतकऱ्यालाही पाहावी लागते आहे.