मृत्यू मोजले, तीव्रता कोण मोजणार?

सप्टेंबर २०२३ संपून ऑक्टोबर उजाडत असताना नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात अर्भके होती. मुंबई उच्च न्यायालयाने या घटनेची स्वतःहून दखल घेतली. शासनाच्या बाजूने सांगण्यात आले की, खाजगी रुग्णालयांनी अखेरच्या घटकेस पाठविलेले अत्यवस्थ रुग्ण येथे आले होते. सत्ताधारी आघाडीच्या एका खासदाराने तर कार्यकारी अधिष्ठात्यांकडूनच स्वच्छतागृह साफ करून घेतले आणि आपली लोकसेवा पार पडली असे मानले.

या दोन्ही प्रतिक्रियांत जबाबदारी दुसऱ्याच्या गळ्यात बांधण्याची हातोटी आहे. तथापि शासनाचा युक्तिवाद तपासून पाहण्याजोगा आहे. रुग्ण किती अत्यवस्थ होता ही काही ऐकीव गोष्ट नव्हे. ती मोजता येते, आणि मोजण्याचे शास्त्र आता जुने झाले आहे.

व्हर्जिनिया अपगार या अमेरिकन भूलतज्ज्ञ महिलेने १९५३ साली नवजात बालकाची अवस्था पाच लक्षणांवरून दहा गुणांत मांडण्याची रीत प्रसिद्ध केली. तिला कोणतेही महागडे यंत्र लागत नाही. पुढे १९८१ साली वॉशिंग्टनमधील डॉक्टरांनी अतिदक्षता विभागातील प्रौढ रुग्णांसाठी ‘अपॅची’ ही मोजपट्टी सिद्ध केली. तिच्या १९८५ च्या सुधारित आवृत्तीत तापमान, नाडी, रक्तदाब, श्वासगती, शुद्धी आदी १२ शारीरिक मापे, वय आणि जुने आजार यांचे गुण मिळविले जातात. पहिल्या चोवीस तासांतील सर्वांत वाईट मापे धरली की रुग्णसमूहात किती मृत्यू संभवतात याचा अंदाज मिळतो. प्रत्यक्ष मृत्यू त्याहून अधिक झाले, तर दोष रोगाच्या माथी मारून भागत नाही.

याच पद्धतीने अमेरिकेतील १३ रुग्णालयांच्या ५,०३० रुग्णांचा अभ्यास १९८६ साली प्रसिद्ध झाला. सारख्याच तीव्रतेचे रुग्ण असूनही काही रुग्णालयांत अपेक्षेपेक्षा कमी, तर काहींत अधिक मृत्यू झाले होते. हा फरक उपचारयंत्रणेच्या डामडौलाशी वा संस्थेच्या नावलौकिकाशी जुळत नव्हता. डॉक्टर आणि परिचारिका यांच्यातील समन्वयाशी तो अधिक जुळत होता. आरोग्य विकत घेण्याची वस्तू मानणाऱ्यांनी हा निष्कर्ष पुन्हा पुन्हा वाचावा.

सार्वजनिक रुग्णालयाच्या दृष्टीने या मोजमापाला विशेष महत्त्व आहे. खाजगी रुग्णालय रुग्ण निवडू शकते. गरिबाची जमापुंजी संपली की त्याला बाहेरची वाट दाखवू शकते. त्याचा मृत्यू मग सरकारी दवाखान्याच्या वहीत नोंदला जातो आणि त्याच वहीकडे बोट दाखवून खाजगीकरणाचा पुरस्कार केला जातो. दाखल होतेवेळची तीव्रता नोंदली गेली तर ही लबाडी उघडी पडेल. शासनालाही ‘रुग्ण अत्यवस्थ होते’ या सबबीमागे लपता येणार नाही. मात्र ही मोजपट्टी समूहासाठी आहे. एखाद्या रुग्णाला खाट नाकारण्याचे हत्यार म्हणून ती वापरणे हा गुन्हाच ठरेल.

तीव्रता मोजल्यावर दुसरा प्रश्न उरतो: रुग्णालयात आल्यानंतर रुग्णाला काय जडले? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार, श्रीमंत देशांत दाखल होणाऱ्या दर १०० रुग्णांपैकी ७ जणांना, तर गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत १५ जणांना रुग्णालयातच संसर्ग होतो. हा दैवाचा खेळ नाही, हे १८४७ सालीच सिद्ध झाले आहे. व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयातील एका प्रसूतिविभागात १८४६ साली ११ टक्क्यांहून अधिक बाळंतिणी दगावल्या, तर सुईणींच्या विभागात ३ टक्क्यांहून कमी. शवविच्छेदन करून आलेले विद्यार्थी त्याच हातांनी प्रसूती करीत. इग्नाझ सेमेलवाइस यांनी क्लोरीनयुक्त चुन्याच्या द्रावणात हात धुण्याची सक्ती केली. एप्रिल १८४७ मध्ये १८ टक्क्यांवर गेलेले मृत्यूचे प्रमाण जूनमध्ये २ टक्क्यांच्या आसपास आले.

त्यानंतर १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन अभ्यासाने दाखवून दिले की, नियमित पाळत, प्रशिक्षित डॉक्टर आणि दर २५० खाटांमागे एक संसर्गनियंत्रण परिचारिका असेल तर सुमारे एकतृतीयांश संसर्ग टळतो. इंग्लंडमधील १२६ रुग्णालयसंस्थांच्या २०१० ते २०१४ या काळातील अभ्यासात, जेथे सफाईचे काम बाहेरच्या कंत्राटदारांकडे होते तेथे औषधांना न जुमानणाऱ्या ‘एमआरएसए’ जंतूचा संसर्ग अधिक आढळला. सफाई कामगाराची नोकरी आणि रुग्णाचा जीव या एकाच हिशेबातील बाबी आहेत, असा याचा अर्थ होतो.

महाराष्ट्र शासनाने मात्र सप्टेंबर २०२३ मध्येच बाह्य यंत्रणांमार्फत कंत्राटी भरतीचा निर्णय काढला होता. लोकक्षोभामुळे ऑक्टोबरमध्ये तो मागे घ्यावा लागला. निर्णय मागे गेला तरी त्यामागील वृत्ती गेली असे मानण्याचे कारण नाही.

म्हणून मागण्या नेमक्या असल्या पाहिजेत. प्रत्येक शासकीय, महापालिका व खाजगी रुग्णालयाने अतिदक्षता व नवजात विभागांत दाखल होणाऱ्या रुग्णाची तीव्रता नोंदवावी. अपेक्षित व प्रत्यक्ष मृत्यूंचे आणि रुग्णालयात जडलेल्या संसर्गाचे आकडे जाहीर करावेत. परिचारिकांची पदे भरावीत, सफाई कामगारांना कायम करावे, आणि नळाला पाणी, हाताला साबण व मोजे यांची तरतूद आधी करावी. कार्यकर्त्यांनी आपापल्या तालुक्याच्या रुग्णालयात जाऊन यांतले काय आहे आणि काय नाही याची यादी करावी. झाडू कोणाच्या हाती दिला याचे छायाचित्र वृत्तपत्रांत छापून येते. तो झाडू रोज धरणाऱ्या हाताला वेळेवर पगार मिळतो की नाही, हे मात्र आपल्यालाच विचारावे लागेल.