शाळेचा निरोप आणि घरातला फोन

भोसरी, चिंचवड, चाकण या पट्ट्यात आई-वडील पाळीवर गेले, की नातवंडांचा अभ्यास आजी-आजोबांकडे येतो. हल्ली तो शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावरून येतो. २०२० च्या टाळेबंदीत राज्यभर अनेक शिक्षकांनी याच मार्गाने धडे पोहोचविले. पुढे शाळा उघडल्या; गट मात्र राहिले आणि मुलांच्या हातातील फोनही राहिला.

या सवयीवर सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये एक उपाय योजला. सायंकाळी सात वाजता भोंगा वाजताच दीड तास घरोघरी दूरचित्रवाणी व मोबाइल बंद ठेवावयाचे असे ठरले. हा नियम मोठ्यांनाही लागू होता, हे त्याचे मर्म.

आपल्याकडे कारखान्यांच्या भोंग्यावर घरे चालत आली आहेत. फोनसाठीही अशी एक वेळ ठरविणे अवघड नाही. शाळेचा निरोप मोठ्यांनी वाचावा, गृहपाठ वहीत उतरवून घ्यावा आणि फोन आपल्यापाशी ठेवावा. या कामास दहा मिनिटे पुरतात. उरलेला वेळ जातो तो रील्स पाहण्यात. सहा ते बारा वर्षांच्या मुलास रोज नऊ ते बारा तास झोप हवी. म्हणून निजण्यापूर्वी तासभर फोन नको. रोज दोनेक तास उघड्यावर, दिवसाच्या उजेडात खेळल्यास दूरचे धूसर दिसण्याचा दोष उद्भवण्याचा धोका कमी होतो.

आणखी एक गोष्ट जपावी. मूल अचानक शाळा टाळू लागले, फोन लपवू लागले, जेवण वा झोप उडाली, वारंवार पोट दुखते म्हणू लागले, तर वैद्यकीय तपासणी करावीच. परंतु वर्गमित्रांच्या गटात त्याची टिंगल होते आहे का, हेही शांतपणे विचारावे. रागावू नये, फोन हिसकावू नये, संदेश पुसू नयेत. ते आई-वडिलांना व वर्गशिक्षकांना दाखवावेत. मदतीसाठी मुलांची १०९८ ही हेल्पलाइन अहोरात्र उपलब्ध असते.

‘आम्हाला त्यातले काही कळत नाही,’ असे म्हणून आजी-आजोबा फोन नातवाच्या स्वाधीन करतात. फोन न कळला तरी चालेल. नातवाचा उतरलेला चेहरा मात्र तुम्हालाच सर्वांत आधी कळतो. तेवढी नजर त्याच्यावर असू द्या.